परतीच्या प्रवासाचा पुरावा आणि परदेशातील दीर्घ मुक्काम : भारतीय पालक-अभ्यागतांच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

परदेशात स्थायिक झालेल्या मुलांकडे काही महिने राहण्यासाठी जाणाऱ्या पालकांची संख्या मोठी आहे. महाराष्ट्रातील शहरी व निमशहरी कुटुंबांत तर हा प्रवास आता नित्याचा झाला आहे. या प्रवासात व्हिसाइतकाच महत्त्वाचा, परंतु कमी चर्चिला गेलेला घटक म्हणजे परतीच्या किंवा पुढील प्रवासाचा पुरावा होय. हा पुरावा कोण मागतो, कोणत्या कायद्याच्या आधारे मागतो, तो नसल्यास काय घडते आणि मुक्काम लांबत गेल्यास त्याचे स्वरूप कसे बदलते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. त्यासाठी शेंगेन क्षेत्र, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व कॅनडा यांच्या नियमांचा तुलनात्मक आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : परतीचे तिकीट, अभ्यागत व्हिसा, दीर्घ मुक्काम, वाहतूकदाराचे दायित्व, पालक-अभ्यागत.

१. प्रस्तावना

कोणत्याही सार्वभौम राष्ट्राला आपल्या भूमीवर परकीय नागरिकास प्रवेश द्यावा की नाही हे ठरविण्याचा अधिकार असतो. पासपोर्ट व व्हिसा ही या अधिकाराची सर्वपरिचित साधने आहेत. मात्र व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. व्हिसा हा प्रवेशद्वारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. प्रत्यक्ष प्रवेश द्यायचा की नाही आणि किती दिवसांसाठी द्यायचा, याचा निर्णय बहुतेक देशांत सीमेवरील इमिग्रेशन अधिकारी घेतो. त्या निर्णयाच्या वेळी अभ्यागतास एक मूलभूत प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे 'आपण परत केव्हा जाणार?'

वरवर साधा वाटणारा हा प्रश्न दीर्घ मुक्कामासाठी जाणाऱ्यांच्या बाबतीत गुंतागुंतीचा ठरतो. आठ दिवसांच्या सहलीला निघालेल्या पर्यटकाजवळ परतीचे तिकीट असतेच. सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईला मात्र आपण नेमके कोणत्या तारखेला परतणार हे निघताना निश्चित सांगता येत नाही. बाळ-बाळंतिणीची प्रकृती, मुलाची किंवा जावयाची रजा, पाळणाघरात जागा मिळणे अशा अनेक गोष्टींवर ती तारीख अवलंबून असते. कायद्याला निश्चित तारीख हवी असते आणि कुटुंबाची गरज अनिश्चित असते. या दोहोंमधील ताण हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) परतीच्या प्रवासाच्या पुराव्यामागील ऐतिहासिक व कायदेशीर पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
(२) हा पुरावा तपासण्यातील विमान कंपन्यांची भूमिका समजावून घेणे.
(३) प्रमुख देशांतील अभ्यागतविषयक अटींची तुलना करणे.
(४) भारतीय पालक-अभ्यागतांना उपयुक्त ठरतील असे निष्कर्ष मांडणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संबंधित देशांचे कायदे, नियमावली व शासकीय सूचना यांचा आधार घेतला आहे.

३. तिकीट ही प्रवेशाची अट : ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रवासाचे तिकीट पाहून माणसाला प्रवेश द्यायचा किंवा नाकारायचा ही पद्धत विमानयुगाच्या आधीची आहे आणि तिचा भारतीयांशी जवळचा संबंध आहे. कॅनडाच्या सरकारने ८ जानेवारी १९०८ रोजी एक आदेश काढला. जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून अखंड प्रवास करून आणि निघण्यापूर्वीच थेट तिकीट काढून आलेल्यांनाच प्रवेश द्यावा, असा त्याचा आशय होता. आदेशात भारताचे नाव नव्हते. परंतु भारतातून कॅनडापर्यंतचे असे थेट तिकीट मिळण्याची सोय नसल्यामुळे हा नियम व्यवहारात भारतीयांना रोखणारा ठरला. त्याच वर्षी आशियाई स्थलांतरितांनी २०० डॉलर जवळ बाळगावेत अशीही अट घालण्यात आली.

या नियमाला आव्हान देण्यासाठी गुरदित सिंग यांनी 'कोमागाटा मारू' ही बोट भाड्याने घेतली. ३७६ प्रवाशांसह ती २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हर बंदरात पोहोचली. दोन महिने बंदरात अडवून ठेवल्यानंतर २३ जुलै १९१४ रोजी बहुसंख्य प्रवाशांसह तिला परत पाठविण्यात आले. सप्टेंबर १९१४ मध्ये कोलकात्याजवळील बजबज येथे ती परतल्यावर झालेल्या गोळीबारात अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी १८ मे २०१६ रोजी संसदेत या घटनेबद्दल औपचारिक क्षमायाचना केली.

या इतिहासातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, तिकीट हा कागद दिसायला तटस्थ असला तरी त्याची अट कोणाला पेलेल व कोणाला नाही हे परिस्थितीवर अवलंबून असते. दुसरी, त्या काळी 'कसे आलात' हे तिकिटावरून पाहिले जात होते, तर आज 'कसे जाणार' हे पाहिले जाते. तपासणीची दिशा बदलली असली तरी प्रवाशाच्या हेतूचे अनुमान कागदावरून काढण्याची रीत कायम आहे.

४. विमान कंपनीची भूमिका

परतीच्या तिकिटाची विचारणा अनेकदा परदेशातील सीमेवर होण्यापूर्वीच मुंबई किंवा पुणे येथील विमानतळावरील चेक-इन काउंटरवर होते. खाजगी कंपनीचा कर्मचारी हे का विचारतो, असा प्रश्न प्रवाशांना पडतो. त्याचे उत्तर आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या कायद्यात आहे.

७ डिसेंबर १९४४ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या शिकागो करारानुसार प्रवेश, निर्गमन, पासपोर्ट इत्यादींबाबत प्रत्येक राष्ट्राचे कायदे प्रवाशांवर बंधनकारक आहेत. या कराराच्या नवव्या परिशिष्टात विमान कंपन्यांच्या कर्तव्यांचा तपशील दिला आहे. प्रवाशाजवळ गंतव्य देशाला व मार्गातील देशांना आवश्यक असलेली कागदपत्रे आहेत याची खबरदारी कंपनीने विमानात बसविण्यापूर्वी घ्यावी, अशी अपेक्षा त्यात आहे. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याचे दायित्वही सर्वसाधारणपणे कंपनीकडेच येते.

या अपेक्षेला अनेक देशांनी दंडाची जोड दिली. ब्रिटनने १९८७ मध्ये वाहतूकदारांच्या दायित्वाचा स्वतंत्र कायदा करून आवश्यक कागदपत्रांविना आणलेल्या प्रत्येक प्रवाशामागे १,००० पौंड आकारणी सुरू केली व १९९१ मध्ये ती २,००० पौंड केली. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार सदस्य राष्ट्रांनी ठेवावयाच्या दंडाच्या पर्यायांत प्रत्येक प्रवाशामागे किमान ३,००० युरो दंडाचा पर्याय आहे. भारतानेही २००० मध्ये असा कायदा केला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या 'इमिग्रेशन व परकीय नागरिक अधिनियम, २०२५' मध्ये तो विलीन झाला आहे.

दंड आणि परतीचा खर्च या दोहोंच्या भीतीमुळे विमान कंपन्या सावध भूमिका घेतात. त्यांचे कर्मचारी आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या 'टिमॅटिक' या माहितीकोशाचा आधार घेतात. प्रवाशाचे नागरिकत्व, गंतव्य देश, मार्ग आणि मुक्कामाचा हेतू यांनुसार लागू असलेल्या अटी त्यात दिलेल्या असतात. तेथे 'परतीचे किंवा पुढील प्रवासाचे तिकीट आवश्यक' अशी नोंद असल्यास काउंटरवरील कर्मचारी सहसा स्वतःच्या जबाबदारीवर सूट देत नाही. इमिग्रेशन अधिकाऱ्याला परिस्थिती पाहून निर्णय घेण्याचा अधिकार असतो. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला तसा अधिकार नसतो, पण चुकीचा भुर्दंड मात्र कंपनीवर पडतो. त्यामुळे प्रत्यक्ष कायद्यापेक्षा काउंटरवरील तपासणी कधीकधी अधिक कडक भासते.

अशा वेळी प्रवाशाला दाद मागता येते का, या प्रश्नाच्या संदर्भात युरोपीय संघाच्या न्यायालयाचा ३० एप्रिल २०२० रोजीचा निर्णय उल्लेखनीय आहे. लार्नाका येथून बुखारेस्टला निघालेल्या एका प्रवाशाला कागदपत्रे अपुरी असल्याच्या कारणावरून 'ब्लू एअर' या कंपनीने विमानात बसू दिले नव्हते. युरोपीय नियमानुसार कागदपत्रे अपुरी असणे हे प्रवास नाकारण्याचे वाजवी कारण ठरू शकते. परंतु ती अपुरी आहेत असे कंपनीने म्हणणे एवढेच पुरेसे नाही आणि प्रवास नाकारण्यास वाजवी आधार होता की नाही हे न्यायालयाने तपासले पाहिजे, असे या निर्णयात स्पष्ट करण्यात आले. कंपनीचा शब्द अंतिम नाही, हे तत्त्व या निर्णयाने अधोरेखित केले. अर्थात न्यायालयीन दाद नंतर मिळते आणि विमान तोवर निघून गेलेले असते. म्हणून पूर्वतयारीला पर्याय नाही.

५. कायद्याला हवा असतो तो हेतू

बहुतेक देशांच्या कायद्यांत अभ्यागताची व्याख्या करताना 'मुदत संपल्यावर परत जाण्याचा हेतू' हा निकष ठेवलेला आढळतो. हेतू ही मनातील गोष्ट असल्याने ती प्रत्यक्ष दाखविता येत नाही. म्हणून ती बाह्य खुणांवरून ताडली जाते. परतीचे तिकीट ही त्यांपैकी सर्वांत सोपी खूण आहे. ते क्षणात तपासता येते, त्यावर तारीख असते आणि त्यासाठी प्रवाशाने पैसे खर्च केलेले असतात.

मात्र तिकीट हा हेतूचा निर्णायक पुरावा नव्हे. तिकीट काढूनही माणूस परत न जाणे शक्य आहे आणि तिकीट न काढलेला माणूस वेळेवर परत जाणेही शक्य आहे. म्हणूनच व्हिसा देताना अधिकारी मायदेशातील बंध पाहतात. स्वतःचे घर, शेती, निवृत्तिवेतन, मायदेशी असलेला जोडीदार वा अन्य अपत्ये, पूर्वीच्या प्रवासांत पाळलेली मुदत या बाबी त्यात येतात. पालक-अभ्यागतांच्या बाबतीत यातील एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. ज्यांची सर्व अपत्ये परदेशात आहेत अशा वृद्ध दांपत्याला मुलांकडे जाण्याची गरज सर्वाधिक असते, पण मायदेशातील बंध दाखविणेही त्यांनाच सर्वाधिक अवघड जाते. अशा वेळी निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, घराची मालकी व पूर्वीच्या प्रवासांच्या नोंदी यांना विशेष महत्त्व येते.

६. देशनिहाय तुलना

६.१ शेंगेन क्षेत्र : युरोपातील २९ देशांच्या या क्षेत्रात अल्पकालीन अभ्यागताला कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस मुक्कामात धरले जातात. उदाहरणार्थ, १ मे रोजी प्रवेश करणाऱ्या व्यक्तीचे ९० दिवस २९ जुलै रोजी पूर्ण होतात. त्यानंतर २८ ऑक्टोबरपूर्वी तिला त्या क्षेत्रात पुन्हा राहता येत नाही. अनेक वेळा प्रवेश देणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा असला तरी ही मर्यादा कायम राहते. हे न समजल्याने 'व्हिसा तर अजून शिल्लक आहे' अशा समजुतीत मुदत ओलांडली जाण्याची शक्यता असते.

पासपोर्ट मागील १० वर्षांत दिलेला असावा आणि परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा, अशी अट आहे. व्हिसा अर्जासोबत परतीच्या तिकिटाचे किंवा त्याच्या आरक्षणाचे कागद, निवासाची व खर्चाची व्यवस्था आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा द्यावा लागतो. येथे 'आरक्षण' हा शब्द महत्त्वाचा आहे. व्हिसा मिळण्यापूर्वी पूर्ण पैसे भरून तिकीट काढणे नियमाने बंधनकारक नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक नोंद व्यवस्थेत प्रवेश व निर्गमन यांच्या तारखा बोटांचे ठसे व छायाचित्रासह नोंदविल्या जातात. पासपोर्टवरील शिक्के मोजण्याऐवजी संगणकच दिवस मोजत असल्याने एका दिवसाची चूकही नोंदीत राहते.

६.२ ब्रिटन : ब्रिटनमध्ये सर्वसाधारण अभ्यागताला एका वेळी ६ महिन्यांपर्यंत राहता येते. २, ५ किंवा १० वर्षांचा व्हिसा मिळाला तरी प्रत्येक मुक्कामाची मर्यादा हीच राहते. अर्जदाराने आपण 'खरा अभ्यागत' असल्याचे पटवून द्यावे लागते. यात मुदतीअखेर परत जाणे एवढेच अभिप्रेत नाही. वारंवार किंवा लागोपाठ भेटी देऊन ब्रिटन हेच आपले मुख्य घर केलेले नसावे, असाही निकष आहे. त्यामुळे सहा महिने राहून महिनाभर भारतात येणे व पुन्हा सहा महिन्यांसाठी जाणे ही पद्धत, प्रत्येक वेळी परतीचे तिकीट असूनही, अडचणीची ठरू शकते. भेटीच्या काळात नातवंडांना सांभाळणे हे कौटुंबिक भेटीचा भाग म्हणून मान्य होते. मात्र त्यासाठीच आलेली व्यक्ती जणू नोकरीला ठेवल्याप्रमाणे वागविली जात असेल तर ते मान्य होत नाही. 'नातवाला सांभाळायला आलो' हे वाक्य आपल्याकडे जितके निरागस असते तितके ते सीमेवर वाटेलच असे नाही, हे आजी-आजोबांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

६.३ अमेरिका : अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील कलम २१४ (ब) नुसार अभ्यागत व्हिसाचा अर्जदार हा कायमस्वरूपी स्थलांतर करू इच्छिणारा आहे असेच प्रथम गृहीत धरले जाते. ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. व्हिसामुक्त योजनेतून येणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी परतीच्या तिकिटाची स्पष्ट तरतूद आहे. भारत त्या योजनेत नाही. 'बी-२' व्हिसावर जाणाऱ्या भारतीयाकडे परतीचे तिकीट असलेच पाहिजे असे कलम नसले, तरी मायदेशातील निवास सोडण्याचा हेतू नाही हे दाखविण्यासाठी ते उपयोगी पडते.

भारतीयांना हा व्हिसा बहुधा १० वर्षांसाठी मिळतो. पण प्रत्यक्ष मुक्कामाची मुदत व्हिसावर नव्हे, तर 'आय-९४' या नोंदीवर असते. ती सर्वसाधारणपणे ६ महिन्यांची असते. १० मे रोजी पोहोचलेल्या व्यक्तीस बहुधा ९ नोव्हेंबरपर्यंतची मुदत मिळते. विमानाने येणाऱ्यांसाठी ही नोंद २०१३ पासून इलेक्ट्रॉनिक झाली असून ती संकेतस्थळावर पाहावी लागते. हाती कागद मिळत नसल्याने ती पाहायचे राहून जाते. मुदत वाढवून हवी असल्यास ती संपण्यापूर्वी 'आय-५३९' हा अर्ज करावा लागतो. मुदत ओलांडल्यास आधीचा व्हिसा रद्दबातल ठरतो. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून परत गेल्यास ३ वर्षे आणि एक वर्ष वा त्याहून अधिक राहिल्यास १० वर्षे प्रवेशबंदी लागू होऊ शकते. साठी-सत्तरीतील आई-वडिलांच्या दृष्टीने दहा वर्षांची बंदी म्हणजे नातवंडांचे बालपण कायमचे हुकणे होय.

६.४ ऑस्ट्रेलिया : ऑस्ट्रेलियाच्या '६००' या अभ्यागत व्हिसावर ३, ६ किंवा १२ महिन्यांपर्यंतचा मुक्काम मिळू शकतो. काही व्हिसांवर '८५०३' ही अट घातलेली असते. तिच्यानुसार देशात असताना बहुतेक अन्य व्हिसांसाठी अर्ज करता येत नाही. कुटुंबाने पुरस्कृत केलेल्या अर्जात यजमान नातेवाइकाकडून अनामत रक्कम मागितली जाऊ शकते. येथे परत जाण्याची हमी तिकिटाऐवजी अटीच्या व पैशाच्या रूपाने घेतलेली दिसते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या '८७०' या पुरस्कृत पालक व्हिसावर ३ किंवा ५ वर्षे राहता येते.

६.५ कॅनडा : अभ्यागताला साधारणपणे ६ महिन्यांची मुदत देणाऱ्या कॅनडाने १ डिसेंबर २०११ पासून पालक व आजी-आजोबांसाठी 'सुपर व्हिसा' सुरू केला. प्रारंभी त्यावर एका वेळी २ वर्षे राहता येत असे. ४ जुलै २०२२ पासून ही मुदत ५ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. या व्हिसासाठी अपत्याचे किंवा नातवंडाचे निमंत्रणपत्र व आर्थिक आधाराची लेखी हमी, त्याचे किमान उत्पन्न, वैद्यकीय तपासणी आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा, प्रवेशापासून किमान एक वर्षाचा आरोग्य विमा आवश्यक असतो. कॅनडाच्या कायद्यातील आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. पुढे कायमचे रहिवासी होण्याची इच्छा असणे हे अभ्यागत म्हणून येण्याच्या आड येत नाही. मात्र मुदतीअखेर ती व्यक्ती परत जाईल याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. इच्छा आणि वर्तन यांत केलेला हा भेद मानवी स्वभावाला अधिक जवळचा आहे.

७. मुक्कामाची लांबी आणि पुराव्याचे बदलते रूप

वरील तुलनेतून एक सूत्र हाती येते. मुक्काम जितका अल्प, तितके परतीच्या तिकिटाचे महत्त्व अधिक. मुक्काम जसजसा वाढतो तसतशी तिकिटाची जागा अन्य पुरावे घेतात. नव्वद दिवसांच्या शेंगेन मुक्कामात तिकिटाचे आरक्षण हा अर्जाचाच भाग आहे. सहा महिन्यांच्या ब्रिटन व अमेरिकेतील मुक्कामात तिकिटापेक्षा मायदेशातील बंध व पूर्वीचे वर्तन अधिक बोलके ठरते. काही वर्षांच्या मुक्कामात अपत्याचे उत्पन्न, विमा व हमीपत्र हे मुख्य आधार होतात.

यामागे व्यावहारिक कारण आहे. विमान कंपन्या साधारणपणे ११ ते १२ महिन्यांपुढील तारखांचे आरक्षण खुले करीत नाहीत आणि तिकिटाची वैधताही बहुधा एक वर्षाची असते. पाच वर्षांनी परतणाऱ्या व्यक्तीला आज परतीचे तिकीट काढताच येणार नाही. म्हणजे एका मर्यादेपलीकडे तिकिटाचा पुरावा तांत्रिकदृष्ट्याच अशक्य होतो.

परंतु याहून खोल कारण असे की, मुक्कामाच्या लांबीनुसार यजमान राष्ट्राची चिंताच बदलते. अल्प मुक्कामात 'ही व्यक्ती परत जाईल ना?' ही चिंता असते. दीर्घ मुक्कामात 'ही व्यक्ती आजारी पडली तर खर्च कोण करील?' ही चिंता अधिक असते. सत्तर वर्षांच्या व्यक्तीच्या हृदयविकारावरील उपचारांचा खर्च परतीच्या तिकिटाने भागत नाही. म्हणूनच कॅनडाने विम्यावर भर दिला आहे. या दृष्टीने पाहता परतीचे तिकीट, विमा, अनामत आणि उत्पन्नाची हमी ही एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत. अभ्यागतामुळे उद्भवणारी जोखीम कोणी पत्करायची, हा तो प्रश्न होय.

८. भारतातून निघताना

परतीच्या तिकिटाची विचारणा केवळ यजमान देश करतो असे नाही. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार ज्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक अशी नोंद असते, त्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना परवानगी घ्यावी लागते. आखाती देशांबरोबर थायलंड, मलेशिया व इंडोनेशिया यांचाही या यादीत समावेश आहे. नोकरीखेरीज अन्य कारणांसाठी जाणाऱ्या अशा पासपोर्टधारकांना ऑक्टोबर २००७ पासून वैध पासपोर्ट, वैध व्हिसा व परतीचे तिकीट दाखवून जाता येते. येथे तिकिटाचा हेतू वेगळा आहे. पर्यटनाच्या नावाखाली नेऊन कामगारांची फसवणूक होऊ नये, यासाठी ही तपासणी आहे.

दुबई किंवा मस्कत येथे मुलाकडे जाणाऱ्या, शालान्त परीक्षेपर्यंत न शिकलेल्या आईच्या पासपोर्टवर ही नोंद असण्याची शक्यता असते. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींना या तपासणीतून सूट मिळते. त्यामुळे पासपोर्टचे नूतनीकरण करताना ही नोंद काढून घेणे सोयीचे ठरते.

९. 'डमी तिकिटा'चा प्रश्न

परतीची तारीख निश्चित नसताना तिकीट दाखवावे लागत असल्याने 'डमी तिकीट' या नावाने एक बाजार उभा राहिला आहे. यात दोन प्रकारांत भेद करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार खऱ्या पण तात्पुरत्या आरक्षणाचा. त्यात कंपनीच्या प्रणालीत सहा अक्षरी आरक्षण क्रमांक खरोखर तयार होतो व ठरावीक मुदतीत पैसे न भरल्यास तो रद्द होतो. जेथे नियमच आरक्षण मागतो तेथे अर्जाच्या वेळी हे चालते. परंतु प्रत्यक्ष प्रवासाच्या दिवशी ते रद्द झालेले असल्यास त्याचा उपयोग नसतो. पैसे भरलेल्या इलेक्ट्रॉनिक तिकिटाला तेरा अंकी स्वतंत्र क्रमांक असतो. काउंटरवरील कर्मचारी तो पाहून तिकीट जिवंत आहे की नाही हे तपासू शकतो.

दुसरा प्रकार संगणकावर तयार केलेल्या बनावट तिकिटाचा. हा प्रकार सरळसरळ फसवणुकीचा असून त्याचे परिणाम गंभीर आहेत. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास कॅनडात ५ वर्षे प्रवेशबंदी होते. ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात, तर अमेरिकेत ही अपात्रता कायमस्वरूपी असते व केवळ विशेष सवलतीनेच दूर होते. तिकीट नसण्याचा परिणाम एका प्रवासापुरता असतो. खोट्या तिकिटाचा परिणाम मात्र आयुष्यभर राहू शकतो. प्रवास एजंटाने परस्पर दिलेल्या कागदाबाबतही अर्जदारच उत्तरदायी धरला जातो, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

१०. व्यावहारिक सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पालक-अभ्यागतांसाठी पुढील सूचना करता येतील.

(१) तारीख बदलता येईल असे परतीचे तिकीट काढावे. अनिश्चित मुक्काम आणि निश्चित तारखेची अट यांचा मेळ घालण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. बदलासाठी पडणारे शुल्क व भाड्यातील फरक आधीच विचारून घ्यावा.

(२) परतीची तारीख यजमान देशाने देऊ केलेल्या मुदतीच्या आत असावी. सहा महिन्यांची मुदत मिळणाऱ्या देशात आठ महिन्यांनंतरचे तिकीट दाखविल्यास ते पुराव्याऐवजी शंकेचे कारण ठरते.

(३) जाण्याचे व येण्याचे तिकीट वेगवेगळ्या कंपन्यांचे असल्यास दोन्हींच्या छापील प्रती हातातील पिशवीत ठेवाव्यात. पहिल्या कंपनीच्या प्रणालीत दुसऱ्या कंपनीचे तिकीट दिसेलच असे नाही.

(४) निमंत्रणपत्र, मुलाच्या वास्तव्याचा परवाना, विमा व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे एकत्र ठेवावीत. चेक-इनच्या सामानात ती टाकू नयेत.

(५) पोहोचल्यानंतर पहिल्या आठवड्यातच मुक्कामाची अंतिम तारीख मुलांकरवी तपासून ती लिहून ठेवावी.

(६) काउंटरवर प्रवास नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. पुढील कोणत्याही तक्रारीचा तोच आधार असतो.

११. निष्कर्ष

(१) परतीच्या प्रवासाचा पुरावा हा प्रवाशाच्या हेतूचे अनुमान काढण्याचे साधन आहे. तो हेतूचा अंतिम पुरावा नाही.

(२) वाहतूकदारांवरील दंडात्मक तरतुदींमुळे सीमेवरील तपासणीचा मोठा भाग प्रस्थानाच्या विमानतळावर व खाजगी कंपन्यांच्या हाती आला आहे. निर्णयाचा अधिकार व निर्णयाचे दायित्व यांची त्यामुळे फारकत झाली आहे.

(३) मुक्काम दीर्घ होत जातो तशी तिकिटाची उपयुक्तता घटते आणि विमा, उत्पन्न व हमी यांचे महत्त्व वाढते.

(४) व्हिसाची मुदत व मुक्कामाची मुदत यांतील फरक न समजणे हा पालक-अभ्यागतांसमोरील मोठा धोका आहे. याविषयीची माहिती प्रामुख्याने इंग्रजीत उपलब्ध असल्याने ज्येष्ठ मराठी भाषक प्रवासी मुलांवर किंवा एजंटांवर पूर्णतः अवलंबून राहतात. ज्येष्ठ नागरिक संघ, ग्रंथालये व महाविद्यालयांचे विस्तार विभाग यांनी मराठीत माहितीपत्रके उपलब्ध करून दिल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.

एकंदरीत, अभ्यागतविषयक कायद्यांची रचना पर्यटक व व्यावसायिक यांना डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. नातवाच्या जन्मासाठी गेलेली आजी या दोहोंतही पूर्णपणे बसत नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसासारख्या योजनांनी तिच्यासाठी वेगळा विचार करता येतो हे दाखवून दिले आहे. अशा तरतुदी सर्वत्र होईपर्यंत नियम नीट समजून घेणे, मुदत काटेकोरपणे पाळणे आणि खऱ्या कागदपत्रांवरच विसंबून राहणे, हेच पालक-अभ्यागतांच्या हिताचे आहे.